गोम्बेच्या रानात एक तास

आमचा धाकटा भाऊ आफ्रिकेतील तान्झानिया देशात, दार-ए-सलाम शहरी, एका व्यापारी पेढीत हिशेबनीस आहे. आमच्याप्रमाणे तोही बी.कॉम. फरक इतकाच, की आम्ही कचेरीतले टेबल सोडले नाही आणि त्याने समुद्र ओलांडला. दर १४ एप्रिलला फोनवर जय भीम घालताना तो म्हणायचा, "दादा, वहिनींना घेऊन एकदा या. तुम्हाला चिंपांझी दाखवतो." शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये पतपेढीचे कर्ज काढले, पिवळ्या तापाची लस टोचून घेतली आणि आम्ही उभयता निघालो.

आफ्रिकेत लोक सिंह-हत्ती बघायला जातात, माकडांसाठी एवढा खर्च कशाला, असे कचेरीत अनेकांनी विचारले. त्याला कारण एक पुस्तक. जेन गुडॉल या इंग्रज विदुषींचे 'इन द शॅडो ऑफ मॅन' हे १९७१ सालचे पुस्तक भावाने आम्हाला पाठवले होते. शब्दकोश शेजारी ठेवून ते आम्ही रात्री जागून वाचले. त्यातील एका म्हाताऱ्या चिंपांझीची हकिगत वाचल्यापासून आम्हाला चैन नव्हते. ती पुढे येईलच.

दार-ए-सलामला पोचल्यावर पहिल्या रविवारी भावाने आम्हाला बुद्धविहारात नेले. आफ्रिकेत विहार! पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथे राहणाऱ्या सिंहली बौद्धांनी संस्था काढली, विहारासाठी जागा मिळवली आणि अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचे रोप आणून लावले. आज तो वृक्ष चांगला पसरला आहे. त्याच्या सावलीत आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. सौं.च्या डोळ्यांत पाणी आले. आम्हीही थोडा वेळ गप्प होतो.

त्या देशाची भाषा स्वाहिली. चहाला ते 'चाय' म्हणतात, पोळीला 'चपाती', पुस्तकाला 'किताबू', आणि कोणी भेटले की 'हबारी', म्हणजे काय खबर. लहानांनी वडीलधाऱ्यांना 'शिकामू' म्हणण्याची पद्धत आहे. त्याचा मूळ अर्थ पाय धरतो असा सांगतात. आम्हाला एकदम आमच्या आजोबांचा जोहार आठवला. तिकडे मात्र तो शब्द आता केवळ वयाचा मान राहिला आहे. ड्रायव्हर असो की मंत्री, वय पाहून म्हणतात, जात पाहून नव्हे.

दार-ए-सलामहून पश्चिमेला टांगानिका सरोवरापर्यंत आगगाडी जाते. सुमारे १२५० किलोमीटरचा हा मीटरगेज मार्ग जर्मनांनी बांधला. तो १९१४ मध्ये सरोवराच्या काठी किगोमा येथे पोचला. विमान होते, पण कर्जाची रक्कम ठरलेली होती. शिवाय गाडीत पुस्तक पुन्हा वाचता येणार होते. भाऊ रजा काढून बरोबर आला. त्याचा बारा वर्षांचा मुलगा मात्र रडत घरी राहिला, कारण गोम्बेच्या रानात पंधरा वर्षांखालील मुलांना चिंपांझींपाशी जाऊ देत नाहीत.

किगोमाजवळच उजिजी आहे. हेन्री स्टॅन्ले याला डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७१ साली भेटला, ते हे गाव. पर्यटक त्या दोन गोऱ्यांचे स्मारक पाहतात आणि परततात. पण याच उजिजीतून माणसांना साखळीला बांधून हजार-बाराशे किलोमीटर समुद्रापर्यंत चालवत नेत असत. जुने आंब्याचे वृक्ष अजून उभे आहेत. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून गुलामाहूनही अस्पृश्याची स्थिती कशी वाईट, हे दाखवून दिले आहे. त्या आंब्यांखाली उभे राहून ते वाद आठवले, पण तेथे मोजमाप करावेसे वाटेना.

किगोमाहून गोम्बे राष्ट्रीय उद्यान उत्तरेला सुमारे १६ किलोमीटर. रस्ता नाही, होडीनेच जावे लागते. टांगानिका हे बैकालच्या खालोखाल जगातले सर्वांत खोल सरोवर, सुमारे १४७० मीटर. पाणी इतके नितळ की काठाजवळ तळाचे गोटे दिसतात. पलीकडे काँगोचे डोंगर धुरकट दिसत होते. किनाऱ्यावर लहान चंदेरी मासळी वाळत घातली होती. कोळी रात्री दिवे लावून ती पकडतात. तिचे नाव 'दगा'. आम्ही दचकलो, पण वास अगदी आपल्या सुकटीचा. सौं.नी लगेच दोन पुड्या बांधून घेतल्या.

होडीतून डोंगर पाहताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. उद्यानाच्या हद्दीपर्यंत टेकड्यांवर शेती आणि विरळ झाडे, आणि हद्द लागली की घनदाट हिरवे रान. पूर्वी हे रान सलग होते. लाकूडफाटा आणि शेतीसाठी ते तुटत गेले. निर्वासितांचे लोंढेही या भागात आले. गावातल्या गरिबाला पोट भरू दिल्याशिवाय रान वाचणार नाही, हे ओळखून १९९४ पासून आसपासच्या गावांत रोपवाटिका, बचतगट, मुलींचे शिक्षण अशी कामे सुरू झाली. चिंपांझी वाचवण्यासाठी माणसांना हाकलून दिले नाही, हे आम्हाला पटले. आपल्याकडे वाघासाठी आदिवासींची काय गत झाली, ते वाचकांना ठाऊक आहे.

उद्यानाचे प्रवेशशुल्क ऐकून सौं.नी मनातल्या मनात किती महिन्यांचा किराणा झाला, ते मोजले. मग नियम सांगितले. तोंडाला मास्क हवा. चिंपांझीपासून दहा मीटर लांब राहायचे. सर्दी-खोकला असेल तर जायचेच नाही. एक तासाच्या वर थांबायचे नाही. माणसाचे रोग त्यांना लागतात आणि आपल्याला साधे पडसे झाले असेल तर त्यांचा जीव जातो. "अंतर ठेवा," असे वाटाड्या इंग्रजीत म्हणाला तेव्हा आम्ही आणि भावाने एकमेकांकडे पाहिले. हे दोन शब्द आमच्या घराण्यात कैक पिढ्या ऐकले गेले आहेत. पण येथे अंतर त्यांच्या रक्षणासाठी होते, आणि विटाळ झालाच तर तो आमचा होता. आम्ही मुकाट्याने मास्क बांधले.

जेन गुडॉल येथे १४ जुलै १९६० रोजी होडीतून उतरल्या. वय २६. या बाई मुळात आमच्याच बिरादरीतल्या, म्हणजे कारकून. कॉलेजला पैसे नव्हते म्हणून सेक्रेटरीचा कोर्स केलेला. नैरोबीच्या डॉ. लुई लीकी यांनी त्यांना आधी कचेरीत घेतले आणि नंतर रानात पाठवले. तरुण बाईला एकटे ठेवायला इंग्रज सरकार तयार नव्हते, म्हणून आई सोबत आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी पाहिले, की एक चिंपांझी गवताची काडी वारुळात घालून, तिला चिकटलेल्या वाळव्या ओठांनी ओरपून खातो. डहाळीची पाने ओरबाडून तो तिची काडी करतो. हत्यार बनवतो तो माणूस, ही विद्वानांची व्याख्या त्या काडीने मोडली.

पुढे केंब्रिजला डॉक्टरेटसाठी गेल्यावर त्यांना सांगितले गेले, की प्राण्यांना नावे देणे अशास्त्रीय आहे, क्रमांक द्या. त्यांनी ऐकले नाही. डेव्हिड, गोलायथ, माइक, फ्लो ही नावे राहिली. ज्यांच्या आजोबांची नावे शाळेच्या दाखल्यावर धोंड्या आणि कचऱ्या अशी लिहिली गेली, त्यांना नावात काय असते हे सांगायला नको. आणखी एक गंमत. चिंपांझींत बाप कोण हे बघून कळत नाही, म्हणून मुलांची नावे आईच्या आद्याक्षरावरून ठेवतात. फ्लोची मुले फाबेन, फिगन, फिफी. आपल्या महाराष्ट्र शासनाला दाखल्यावर आईचे नाव सक्तीचे करायला २०२४ साल उजाडावे लागले.

आम्ही दोन तास चढलो. वाट निसरडी, वर वेलींची जाळी. सौ. दोनदा बसल्या. वाटाड्याच्या वायरलेसवर पुढे गेलेल्या माणसाने निरोप दिला आणि तो आम्हाला ओढ्याकाठी घेऊन गेला. प्रथम आवाज आला. ओठ मिटल्या-उघडल्याचा, म्हातारे माणूस बोळक्या तोंडाने काही चघळते तसा. मग ते दिसले. पाच जण होते. दोन मोठे नर, एक मादी, तिच्या पोटाशी पोर, आणि एक वयात आलेला.

ते एकमेकांचे अंग निवडत होते. आपल्याकडे दुपारी ओट्यावर बायका एकीमागे एक बसून उवा बघतात, अगदी तसेच. एकाने केस दोन्ही हातांनी बाजूला सारायचे, निरखून पाहायचे, बोटाने किंवा ओठाने काही टिपायचे. दुसऱ्याने डोळे मिटून मान पुढे करायची. थोड्या वेळाने पाळी बदलायची. पोर मध्येच आईच्या हातावरून घसरून एका नराच्या पाठीवर चढले. त्याने हूं की चूं केले नाही. वाटाड्याने हळूच सांगितले, की दिवसातले तासन् तास ते हेच करतात. भांडण झाले की मिटवायला हेच, भीती वाटली की धीर द्यायला हेच, कोणाची बाजू घ्यायची असेल तर आधी हेच. त्यांचा समाज म्हणजे हा स्पर्श आहे. तो काढून घेतला तर मागे फक्त एकेक जनावर उरेल.

आता त्या म्हाताऱ्याची हकिगत. त्याचे नाव मॅक्ग्रेगर. १९६६ साली आसपासच्या गावांत पोलिओची साथ होती, ती रानात शिरली. काहींचे हात गेले, काही मेले. गुडॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळ्यांतून लस घातली. मॅक्ग्रेगरचे दोन्ही पाय गेले. तो हातांवर अंग ओढत मागे मागे सरकायचा. अंगावर माशा घोंघावत. एके दिवशी जवळच्या झाडावर आठ जण असेच अंग निवडत बसले होते. म्हाताऱ्याने ते पाहिले आणि निघाला. सरपटत, थांबत, धापा टाकत झाडापाशी पोचला, केवळ हातांच्या बळावर वर चढला, आणि आनंदाचा हुंकार देऊन जवळच्या दोन नरांकडे हात पुढे केला. ते दोघे उठले आणि मागे न पाहता दुसऱ्या टोकाला निघून गेले. तो बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. मग हळूहळू खाली उतरला.

हे वाचले त्या रात्री आमच्या डोळ्यांसमोर आमची आत्या आली. आम्ही सातवीत असताना ती महारोग होऊन सासरहून परत आली. औषधाने रोग बरा झाला होता, डॉक्टरांनी कागद दिला होता. तरी आमच्या घरी तिचे ताट वेगळे, पाण्याचा तांब्या वेगळा, अंथरूण पडवीत. कोणी सवर्णाने हे केले नव्हते. आमच्या आजीने, आईने, वस्तीने केले. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी होत्या. अतिसाराने आजारी पडून आपल्याच घाणीत पडलेल्या, कोणी विचारीत नसलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, ही कथा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आहे आणि ती आमच्या विहारात वाचली जात असे. आत्या पडवीत बसून ती ऐकायची.

एक माणूस तिच्याजवळ बसायचा, आमचे वडील. रोज संध्याकाळी कामावरून आले की पडवीत तिच्या शेजारी टेकायचे. बोलायचे काही नाहीत. तिच्या पायाच्या जखमा धुवायचे, पट्टी बांधायचे, विडी ओढायचे आणि आत यायचे.

मॅक्ग्रेगरलाही असा एक जण होता. हम्फ्री त्याचे नाव, बहुधा त्याचा भाचा. बाकीचे निघून गेले तरी तो म्हाताऱ्याच्या आसपासच राहिला. एकदा गोलायथ त्या पांगळ्यावर धावून गेला, तेव्हा आपल्याहून वरचढ असलेल्या गोलायथला हम्फ्रीने पिटाळले. शेवटी म्हाताऱ्याचे हाल बघवेनात म्हणून माणसांनीच त्याला गोळी घालून सोडवले. त्यानंतर सुमारे सहा महिने हम्फ्री त्या जागी येऊन झाडावर बसत असे, वाट पाहिल्यासारखा.

चहाच्या वेळी कचेरीत आम्ही ही गोष्ट सांगितली तेव्हा एक साहेब म्हणाले, "पाहा, अस्पृश्यता निसर्गातच आहे." आम्ही तेथेच उत्तर दिले आणि येथेही देतो. त्या टोळीला मॅक्ग्रेगरच्या सरपटण्याची भीती वाटली. त्याच साथीत फाबेनचा एक हात लुळा पडला. आधी सगळे त्यालाही बिचकले, पण पुढे सरावले. तो दोन पायांवर लांब लांब चालायला शिकला, सर्वांत मिसळला, आणि त्याच्याच पाठिंब्यावर धाकटा भाऊ फिगन १९७३ मध्ये टोळीचा म्होरक्या झाला. मॅक्ग्रेगरला वाळीत टाकले म्हणून त्याच्या भाच्याला कोणी वाळीत टाकले नाही. भीती होती, ती विरली. तिची पोथी झाली नाही. म्होरकेपणही तेथे वंशाने मिळत नाही. माइक हा सामान्य नर, पण १९६४ मध्ये रॉकेलचे रिकामे डबे खडखडवत त्याने सगळ्यांना धाक घातला आणि गोलायथची गादी घेतली. निदान शक्कल तरी लढवली!

पण हम्फ्रीची गोष्ट येथे संपत नाही, आणि ती लपवली तर आम्ही वाचकांशी खोटे वागू. पुढे या टोळीत फूट पडली. काही जण दक्षिणेच्या खोऱ्यात वेगळे राहू लागले. एकत्र वाढलेले, वर्षानुवर्षे एकमेकांचे अंग निवडलेले हे प्राणी. जानेवारी १९७४ मध्ये उत्तरेकडच्या नरांनी दक्षिणेचा गोडी नावाचा तरुण एकटा खाताना गाठला. त्याला खाली पाडून हातांनी जखडून धरणारा कोण? हम्फ्री. बाकीच्यांनी त्याला चावे घेतले, ठोसे मारले. गोडी पुन्हा कोणाला दिसला नाही. १९७५ मध्ये म्हातारा गोलायथ असाच संपवला. पोलिओने हात गेलेली मॅडम बी नावाची म्हातारी मादीही सोडली नाही. चार वर्षांत दक्षिणेचा एकही नर उरला नाही. माणसांनी केळी घालून त्यांना भांडखोर केले, असे काहींनी म्हटले. पण युगांडाच्या किबाले रानात कोणी केळी घालत नव्हते, तेथेही असेच मुडदे पडले.

गोडीवरचा हल्ला पाहिला आणि सांगितला तो हिलाली माटामा या तान्झानियन कर्मचाऱ्याने. मे १९७५ मध्ये बंडखोर सरोवरापलीकडून आले आणि चार परदेशी अभ्यासकांना पळवून नेले. ते पुढे सुटले, पण परदेशी विद्यार्थ्यांचे येणे थांबले. तेव्हा वही-पेन्सिल घेऊन रोज डोंगर चढणारे, पहाटे घरट्याखाली जाऊन बसणारे हे गावचे लोकच होते. जगाला गुडॉलबाई माहीत आहेत, आणि ते योग्यच आहे. आम्ही परतल्यावर काही आठवड्यांनीच, १ ऑक्टोबर २०२५ रोजी, ९१ व्या वर्षी त्या गेल्या. पण रोजनामा ज्यांनी लिहिला, त्यांची नावे एका कारकुनाला विसरता येत नाहीत.

आमच्या वडिलांचे एक जिवलग मित्र होते. नामांतराच्या लढ्यात दोघे एकत्र मोर्चात गेले, एका घोंगडीत तुरुंगात झोपले. नंतर गट पडले. कोणता गट कोणाचा, हे लिहून शाई खर्च करत नाही, वाचकांच्या वस्तीतही पडलेच असतील. एका वर्षी जयंतीच्या दोन मिरवणुका निघाल्या आणि चौकात समोरासमोर आल्या. आत्याच्या जखमा धुणाऱ्या त्याच हातांत आमच्या वडिलांनी काठी धरली होती. ती त्या मित्राच्या खांद्यावर बसली. त्यानंतर वडील जाईपर्यंत दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. आम्हीही त्या घराची पायरी चढलो नव्हतो.

वाटाड्याने घड्याळ दाखवले. दहा मिनिटे उरली होती. भावाने त्याला विचारले, की अंग निवडण्याची रीत सगळीकडे अशीच असते का. तो म्हणाला, नाही. याच सरोवराच्या काठी दक्षिणेला महाले नावाचे रान आहे. १९६५ पासून तेथे जपानी अभ्यासक काम करतात. तेथले चिंपांझी समोरासमोर बसतात, एकेक हात उंच करून एकमेकांचा हात धरतात आणि मोकळ्या हाताने दुसऱ्याची काख निवडतात. गोम्बेतले हात वर करतात, पण फांदी धरतात. प्राणी एकच, सरोवर एकच, रीत वेगळी. पोरे आईकडे बघून शिकतात. सौं.नी लगेच आपला हात वर करून पाहिला आणि भावाकडे बघून हसल्या.

त्या मोठ्या नरांपैकी एक उठला, आमच्याकडे एकदा पाहिले आणि ओढा ओलांडून गेला. त्याच्यामागे बाकीचे गेले. पोर आईच्या पाठीवरून मागे वळून आमच्याकडे पाहत होते.

परतताना होडीत सौं.नी विचारले, "अहो, काकांना अर्धांगवायू झाल्याला किती वर्षे झाली?" आम्ही म्हटले, तीन. त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी, रविवारी, दग्याची एक पुडी घेऊन आम्ही काकांकडे गेलो. सुनेने ओळखले, पण काय म्हणावे तिला सुचेना. काका खाटेवर होते. डावी बाजू पूर्ण गेलेली, दाढी छातीपर्यंत वाढलेली. त्यांनी आमच्याकडे बराच वेळ पाहिले. सून म्हणाली, न्हाव्याला दोनदा निरोप धाडला, तो येत नाही. आम्ही गरम पाणी मागितले. त्यांच्या मानेखाली टॉवेल घातला आणि दाढी केली. अर्धा-पाऊण तास गेला. त्यांनी डोळे मिटून हनुवटी वर धरली होती. ब्लेड जुने होते, गालावर दोन ठिकाणी लागले. पुढच्या रविवारी नवे घेऊन जायचे ठरवले.